नऊ अमावास्या

केतेकीबारी
३ नोव्हेंबर १९८९

प्रिय दादा,

निरूचा नमस्कार. इकडे सगळे ठीक, तुझी खुशाली कळव. काळीपूजेला म्हणून नलबारीहून माहेरी आले ती शाळेला सुटी असल्यानं इथेच रेंगाळले आहे. आई शेजारी सुपारी कातरत बसली आहे आणि काय लिहायचं ते सांगते आहे. तेव्हा या पत्रातली अक्कल तिची आणि अक्षर माझं, असं समज.

भात यंदा चांगलं आहे. बदकं चौदा होती, त्यातली दोन कोल्ह्यानं नेली. आईचे गुडघे बोलतात, पण अजून तिच्याइतके नाहीत. तरु नबौनं तुझ्यासाठी एंडी रेशमाची चादर विणायला घेतली आहे. मार्घेरिटाला लाकडाच्या मिलच्या खोलीत तू एकटा भात शिजवून खातोस, याचा तिला, तुझ्या बायकोला, रोज नव्यानं धक्का बसतो. काल मला म्हणाली, "दोन वर्षं झाली, अजून करपवतच असतील का गं?" मी म्हटलं, करपवतच असणार. खरं की नाही?

आता आईचा मुख्य निरोप. काळीपूजेच्या अमावास्येला करबी बाजूला बसली. ही नववी खेप. आईनं लगोलग भद्रकांत गणकांकडे निरोप धाडला. ते पंचांग मिटून म्हणाले, "चंद्राला धरून चालणारी पोर आहे, लाखात एक." आता तीन राहिल्या. बारा झाल्या की तिच्या चंद्राचा दोष उतरला आणि तू पोरीचं तोंड पाहायला मोकळा, असं आई दिवसातून दहा वेळा बोटं मोजून सांगते. तुलाही तिकडे मोजत राहायला सांगितलं आहे, जसं काही तू दुसरं काही करतोस.

करबीला जरा ताप आहे. मांडी दुखते म्हणते, घाटावर घसरली म्हणे. मी बघायला गेले तर पांघरूण घट्ट ओढून घेतलं. "पेही, मला शिवू नकोस, मी बाजूला आहे." सख्ख्या आत्याला सोवळं शिकवणारी ही दीड वीत पोर! आई म्हणते ताप लिहू नकोस, उगाच त्याच्या जिवाला घोर. मी लिहिला. पण जास्त लिहीत नाही.

रासाचे मांडव उभे राहताहेत. तू असतास तर करबीला खांद्यावर घेऊन गेला असतास, असं लिहिणार होते, पण ती आता खांद्यावर मावायची नाही.

तुझी,
निरू

&nbsp;

नलबारी
१८ नोव्हेंबर १९८९

दादा,

तुझं कार्ड काल मिळालं. "नववी झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. तापामुळे दहावी लांबणार तर नाही ना, एवढं गणकांना विचारून कळव." मी ते कार्ड उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. ते चष्मा काढून पुसत बसले.

दहावी लांबणार नाही, दादा. दहावी होणारच नाही. पहिलीसुद्धा झाली नव्हती.

हे वाक्य लिहून मी मधेच उठले होते. पाणी प्यायले, परत येऊन बसले. नीट सांगते. करबी माझ्याकडे आहे, ताप उतरला आहे, मघाशीच तिनं पेलाभर दूध घेतलं. हे आधी वाचून घे आणि मगच पुढे जा. मागचं पत्र मी आईच्या डोळ्यांसमोर लिहिलं होतं. हे लिहिताना माझ्या शेजारी कोणी नाही.

ते पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोर तापानं फणफणली आणि तुला हाका मारत बरळायला लागली. "देउता, तीनच राहिल्या, तीनच." नबौ दारात उभी राहून रडत होती. दारात! आत जाऊन पोरीच्या कपाळावर हात ठेवायचा तर आई म्हणते, "तापामुळे तिचं न्हाणं अजून व्हायचंय, आधी पाणी घालू दे, मग हात लावा." मला काय झालं कुणास ठाऊक. मी आईला म्हटलं, "तू आधी बाजूला हो." जन्मात पहिल्यांदा तिला तसं बोलले. पोरीला उचललं. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि एक घाण वास. हे जीप घेऊन आले. नलबारीच्या डॉक्टरांनी पाहिलं न पाहिलं केलं आणि थेट गुवाहाटी गाठायला सांगितलं.

तिथे एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. बाहेर आल्या त्या माझ्यावर डोळे रोखूनच. "घरी हिला कोण छळतं?"

मी म्हटलं, "छळतं? अहो, तीन बायकांच्या जिवाचा तुकडा आहे ती."

"मांडीवर वार आहेत. ब्लेडचे. एकाखाली एक, ओळीनं. शेवटचा चिघळलाय."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. मी त्यांना म्हणाले की ती घाटावर घसरली होती. त्यांनी माझा दंड धरून मला आत नेलं आणि चादर बाजूला केली. दादा, मी शिक्षिका आहे, मला रेघा मोजायची सवय. नऊ होत्या.

मी खाली फरशीवर बसले. लोक बघत होते, मला त्याचं काही वाटलं नाही.

करबी शुद्धीवर आली ती दोन दिवसांनी. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझा चेहरा तिनं पाहिला असणार. आजीच्या काळजीनं तीच म्हणाली, "पेही, तू आयताला सांगू नकोस. तिला वाटतंय खरंच झाल्या."

"काय झाल्या?"

"नऊ."

मग हळूहळू, तोंड भिंतीकडे करून तिनं सगळं सांगितलं. तू घर सोडलंस त्यानंतर ती महिन्यामागून महिना वाट पाहत राहिली. एकदाही काही झालं नाही. आई म्हणायची, दोष एवढा जड आहे की रक्तच अडवून बसलाय. आणखी एक होम झाला, आणखी एक दान झालं. मग माघ बिहूला तुझं पत्र आलं. तू लिहिलं होतंस, "माझी फार इच्छा आहे, पण बारा झाल्याशिवाय मी येऊ शकत नाही. करबीनं प्रार्थना करावी." ते पत्र तिला नबौनं मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पोरीनं प्रार्थना केली. काही झालं नाही. मग पुढच्या महिन्यात तिनं कोनाड्यातला तुझा दाढीचा डबा उघडला.

"अमावास्येलाच का गं?" मी विचारलं.

"पहिली अमावास्येला आली होती ना. पंचांग स्वयंपाकघरातच टांगलेलं असतं, त्यात बघायचे."

पंचांग बघून! दादा, तू पुरुष, तुला माहीत नसेल, पण कुठल्या बाईची पाळी पंचांग बघून येते? नऊच्या नऊ वेळा नेमकी अमावास्या, ना एक दिवस अलीकडे ना एक दिवस पलीकडे. आणि आम्ही काय करत होतो? आई गावभर सांगत होती की आमच्या करबीवर चंद्राची मर्जी बसली. गणक लाखात एक म्हणत होते. नबौ तुझ्या वाटेला डोळे लावून चादर विणत होती. पोर चार दिवस वेगळ्या खोलीत, कपडे तीच धुणार, तिला कोणी शिवणार नाही. तिला लपवावं लागलंच नाही. तिला लपवून ठेवायचं काम आम्हीच चोख करत होतो.

आता पुढचं ऐक. मला वाटलं होतं यापेक्षा मोठा धक्का बसायचा नाही.

डॉक्टर बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मुलगी अजून लहान आहे. हिला पाळी आलेलीच नाही."

मी म्हटलं, "अहो, या नऊ खोट्या असतील, पण पहिली आली होती! दोन वर्षांपूर्वी. तोलनीचा सोहळा झाला, केळीच्या झाडाशी लग्न लागलं, ओटीत सुपाऱ्यांची बाळं घातली, तीनशे माणूस जेवलं."

"तीनशे माणूस जेवलं म्हणून पाळी येत नसते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला नऊ रेघांच्या बरंच वर, मांडीच्या आतल्या अंगाला, एक जुना बारीक डाग दाखवला. तीन फाट्यांचा. "हा ब्लेडचा नाही. मी बारपेटाची, बिलाच्या दलदलीकाठी वाढलेली. माझ्या पायावर असे चार आहेत. ही जळू आहे."

मी हसले, दादा. देवाशपथ, मी मोठ्यानं हसले. त्यांनी मला पाणी दिलं.

करबीला विचारलं. तिला सगळं आठवत होतं. त्या दिवशी ती आणि शेजारची रुनू बांबूची जाकोई घेऊन बिलात मासे धरत होत्या, कमरेपर्यंत पाण्यात. घरी आली तर फ्रॉकला रक्त. दुखत काही नव्हतं. "मी आयताला म्हटलं होतं, खाजतंय. तर ती म्हणाली, गप, असलं बोलू नये, तू आता बाई झालीस." अकरा वर्षांची पोर. नबौनं आठवडाभर आधीच तिला सांगून ठेवलं होतं की एक दिवस असं रक्त दिसेल, घाबरू नकोस. रक्त दिसलं. ती घाबरली नाही. तिला वाटलं, हेच ते.

आणि आम्ही? कोठीची खोली झाडली, खिडकीत गामोछा कोंबला, खाली गवत अंथरलं. सूर्य दिसता कामा नये, चंद्र दिसता कामा नये, पुरुषाचं तोंड दिसता कामा नये, आणि कोणी हात लावता कामा नये. हात लावायचा नव्हता म्हणून कोणी पाहिलंच नाही. घड्याळ मात्र सगळ्यांनी पाहिलं. मिनिटासकट वेळ गणकांकडे गेली. भादोची अमावास्या, चंद्र मघा नक्षत्रात, मघा म्हणजे पितरांचं नक्षत्र, पित्याला अनिष्ट. बारा न्हाणी होईपर्यंत बापानं पोरीचं तोंड पाहू नये. तू पाय धुवायलाही अंगणात आला नाहीस. मागच्या दारानं गेलास.

गावाला जाऊन मी हे आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती भांडेल, डॉक्टरीण काल शिकून आली म्हणेल. ती अडकित्ता हातात धरून बसली. मग म्हणाली, "पडवीत भिंतीशी एक जळू पडली होती त्या संध्याकाळी. टम्म फुगलेली. मीच मीठ टाकलं तिच्यावर." थोड्या वेळानं परत म्हणाली, "मीच टाकलं, निरू. आणि हात धुऊन उरुलीचा मंगलध्वनी करायला आत गेले." त्या दिवसापासून आईनं तांबूल तोंडात घातलेलं नाही. तुला माहीत आहे, आपले देउता वारले तेव्हासुद्धा तिनं ते सोडलं नव्हतं.

गणकांकडेही गेले. नबौ नको नको म्हणत होती. म्हातारे उन्हात बसले होते. मी सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "मी काय करू गं? तुमच्या घरच्या बायकांनी वेळ दिली, त्या वेळेवर मी मांडली. गणित चुकलेलं नाही माझं."

"गणित बरोबरच आहे," मी म्हटलं. "पत्रिकाही बरोबर आहे. फक्त ती जळवेची आहे. जळवेच्या बापानं जपून राहावं, माझ्या भावाला सोडा."

आतून त्यांची बायको फसकन हसली आणि लगेच गप्प झाली. म्हातारे म्हणाले, "ती पत्रिका मी परत घेतो. जाळून टाकतो." मी विचारलं, "आणि ही दोन वर्षं? ती घेता का परत?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. आता लिहिताना वाटतंय.

दादा, तू भित्रा नाहीस. शेतात हत्ती उतरला तेव्हा एकटा मशाल घेऊन गेलेला तू. तू स्वतःसाठी गेला नाहीस हेही मला ठाऊक आहे. तूच म्हणाला होतास, "मला उद्या काही झालं, साधं झाडावरून पडलो तरी, लोक जन्मभर म्हणतील पोरीनं बाप खाल्ला. तिच्या माथी ते नको." तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. पण आता बघ. अनिष्ट बापाला होणार होतं म्हणून बापाला लांब ठेवलं. तू तिकडे ठणठणीत आहेस. वार कुणाच्या अंगावर आहेत?

आणि त्यातला एकेक मोजून तू खूश होत होतास. हे वाचून तुला वेदना होतील, म्हणूनच लिहिते आहे. मला एकटीला झेपत नाही.

एक गोष्ट सांगायची टाळत होते. आता सांगते. इस्पितळात डॉक्टर बाईंनी करबीला सगळं समजावलं. पलंगावर बसून, तिचा हात हातात घेऊन. ती जळू होती, तुझा काही दोष नाही, तुझी पाळी अजून यायची आहे, येईल तेव्हा येईल. पोरीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मान हलवली. मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे पेही, आता परत एकपासून मोजायचं?"

डॉक्टर बाई उठून खिडकीशी गेल्या.

मी म्हटलं, नाही गं राणी, मोजायचंच नाही. देउता असेच येतील. तिनं "बरं" म्हटलं. मोठ्यांचं मन राखायला मुलं म्हणतात तसं. घरी आल्यावर रासाच्या पौर्णिमेला मी तिला ओसरीवर बोलावलं, सगळा रस्ता चांदण्यात गाणं म्हणत चालला होता. आली नाही. आतून म्हणाली, "देउता यायच्या आधी नको." परवा मी स्वयंपाकघरात गेले तर ती आमच्या भिंतीवरच्या पंचांगासमोर उभी होती. मला पाहून बाजूला झाली. मी ते पंचांग काढून चुलीत घातलं. तुझा दाढीचा डबा आधीच बिलात फेकला आहे. पण ब्लेड काय, दर घरात असतं, आणि अमावास्या कोणाला विचारून येत नाही. ती अठ्ठावीस तारखेला आहे. मी तिच्या उशाशी निजेन. पण किती अमावास्या निजू?

तिला डॉक्टरांचं पटत नाही, माझं पटत नाही. दोन वर्षं तिला एकच गोष्ट सांगितली गेली, की तिच्या रक्तानं तिचा बाप दूर गेला. ती खोटी आहे हे तिला कागदावर कळायचं नाही, या पत्रानंही नाही. तू दारातून, पुढच्या दारातून आत यायला हवास आणि तिच्या तोंडाकडे बघायला हवंस. पोटभर बघ. तुला काही होत नाही हे तिला दिसू दे.

तिची पाळी येईल, आज ना उद्या. येईल तेव्हा मी, नबौ आणि आई, आम्ही तिघींनी शपथ घेतली आहे, कोणी घड्याळाकडे बघणार नाही. आईनंसुद्धा. तिथी कोणती होती, चंद्र कुठे होता, हे तूही विचारायचं नाहीस. काय विचारायचं ते सांगून ठेवते: पोट दुखतं का, गरम पाण्याची बाटली देऊ का, बस्स.

सुटी मिळत नसेल तर नोकरी सोड. खर्च आमचे हे बघतील, ते म्हणाले आहेत. भात करपवायला इथेही चूल आहे.

अमावास्येच्या आत आलास तर तुझी बहीण,
निरू